वायर तुटली तर सिग्नल कोणता?

विसापूर, सारोळा, वांबोरी ही दौंड–मनमाड मार्गावरची लहान स्थानके. न थांबणारी गाडी तिथून धडधडत जाते तेव्हा फलाटावर हिरवा झेंडा धरून उभा असलेला रेल्वेचा माणूस इंजिन पाहतो, डबे पाहतो. पण त्याचे खरे लक्ष असते शेवटच्या डब्याच्या पाठीकडे. तिथे ‘एलव्ही’ या अक्षरांची पाटी, आणि रात्र असेल तर तांबडा दिवा, दिसलाच पाहिजे. दिसला, म्हणजे गाडी पूर्ण गेली. नाही दिसला, तर गाडीचा काही भाग तुटून मागेच कुठेतरी उभा आहे असे समजायचे आणि मागची गाडी रोखून धरायची. इंजिन पुढे गेले म्हणजे रूळ मोकळा झाला, हा हिशेब रेल्वेत जीव घेतो.

माणसाच्या डोळ्यांवर सोपवलेले हे काम खुद्द रुळांकडूनच करून घेता येईल, हे दाखवणाऱ्या माणसाचे नाव विल्यम रॉबिन्सन. सिग्नल अभियंत्यांच्या जगात हे नाव सर्वपरिचित आहे. बाहेर ते फारसे कोणी घेत नाही. जन्म १८४०चा, आयर्लंडमधला. लहानपणीच ते अमेरिकेत आले आणि १८६५ मध्ये वेस्लियन विद्यापीठातून पदवीधर झाले. तो काळ अमेरिकेत रेल्वे वेड्यासारखी वाढण्याचा होता. एकाच मार्गावर गाड्यांची संख्या वाढत होती, वेग वाढत होता आणि दोन गाड्यांमध्ये अंतर राखण्याचे साधन मात्र घड्याळ, तारायंत्र आणि माणसाची सावधगिरी एवढेच होते. एक गाडी उशिरा धावली, एक तार चुकली, की मागची गाडी पुढचीवर आदळायची.

१८६७च्या सुमारास रॉबिन्सन यांनी स्वयंचलित सिग्नलच्या विचारात डोके घातले. विचार कागदावर ठेवून भागणार नव्हते. रेल्वे कंपन्यांचे अधिकारी आकृत्या बघून पैसे देणारे नव्हते. म्हणून त्यांनी एक मॉडेल बांधले. लहान रूळ, लहान गाडी, विजेच्या बॅटऱ्या आणि विद्युतचुंबकावर हलणारा सिग्नल. १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात ते लोकांसमोर मांडले गेले. आज पुण्याच्या कोथरूडमधील जोशी यांच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात मुले काचेला नाक लावून छोट्या गाड्यांचे सिग्नल बदलताना पाहतात; तेव्हाचे प्रेक्षक काहीशा अशाच कुतूहलाने पाहत असणार. फरक एवढाच की त्या मॉडेलनंतर खरी रेल्वे बांधायची होती.

ती संधी मिळाली पेनसिल्व्हेनियातील किंझुआ या गावाजवळ, फिलाडेल्फिया अँड ईरी रेल्वेच्या मार्गावर. तिथे बसवलेली पहिली यंत्रणा समजायला सोपी होती. ठरावीक लांबीच्या टापूच्या तोंडाशी रुळालगत एक दांडी. गाडीच्या चाकाने ती दाबली, की सर्किट जोडले जाई, वीज वाहू लागे आणि सिग्नल धोक्याचा होई. टापूच्या दुसऱ्या टोकाला तशीच दुसरी दांडी. ती दाबली गेली की सिग्नल पुन्हा मोकळा. घराच्या दारावरची घंटा वाजते त्यातलाच हा प्रकार. बटण दाबले तर वीज, नाहीतर शांतता.

यंत्रणा चालली. रेल्वेवालेही समाधानी होते. एखाद्या सामान्य संशोधकाने इथे पेटंट घेऊन ऑर्डरी मिळवायला सुरुवात केली असती. रॉबिन्सन यांचे मोठेपण हे, की चालणाऱ्या यंत्रणेतली खोट त्यांना स्वतःलाच दिसली आणि ती त्यांनी झाकली नाही.

समजा गाडीची कपलिंग तुटली. पुढचा अर्धा भाग टापूबाहेर पडून दुसरी दांडी दाबणार आणि सिग्नल मोकळा होणार. मागचा अर्धा भाग मात्र आत रुळावरच उभा. समजा बाजूच्या सायडिंगमधून एखादी वाघिण घरंगळत मुख्य मार्गावर आली. तिने पहिली दांडी ओलांडलेलीच नाही, तेव्हा सिग्नलला तिचा पत्ताच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे समजा तारच तुटली, किंवा बॅटरी उतरली. मग गाडी आली तरी सर्किट जुळणार नाही, सिग्नल धोक्याचा होणार नाही, आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरला वाटणार, की सर्व आलबेल आहे. यंत्रणा मेलेली असते तेव्हाच ती सर्वाधिक खात्रीने ‘या’ म्हणते. एखाद्या घराची घंटा बंद पडली तर पाहुणा ताटकळतो, इथे माणसे मरतात.

यावर त्यांनी काढलेला उपाय ऐकायला इतका साधा आहे, की त्यात शोध कुठला, असे वाटावे. त्यांनी वीज उलटी वापरली. गाडी आल्यावर वीज सुरू करायची नाही. वीज कायम सुरूच ठेवायची आणि गाडीने ती तोडायची.

टापूतले रूळ दोन्ही टोकांना विद्युतरोधक सांधे देऊन शेजारच्या रुळांपासून वेगळे करायचे. एका टोकाला बॅटरी, तीही जेमतेम एक-दोन व्होल्टची. दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने हलणारा स्विच. वीज एका रुळातून जाते, रिलेच्या वेटोळ्यातून फिरते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. ती वाहत आहे तोवर रिलेचा लोखंडी तुकडा वर खेचलेला राहतो आणि सिग्नल मोकळा दिसतो. आता टापूत कुठेही चाकांची एक जोडी आली, तर लोखंडी आस दोन्ही रुळांना जोडतो. विजेला रिलेपर्यंत जाण्याऐवजी हा जवळचा, सोपा रस्ता मिळतो. रिले उपाशी पडतो, तुकडा स्वतःच्या वजनाने खाली येतो, सिग्नल धोक्याचा होतो. इंजिन असो, तुटलेला डबा असो की सायडिंगमधून आलेली वाघिण, शेवटची आस टापूबाहेर पडेपर्यंत सिग्नल तसाच राहतो.

आणि तार तुटली तर? बॅटरी उतरली तर? खुद्द रूळच तडकला तर? प्रत्येक वेळी वीज थांबते, रिले पडतो, सिग्नल धोक्याचा. गाड्या विनाकारण खोळंबतात, प्रवासी चिडतात, पण जिवंत राहतात. बिघाड होणार हे गृहीतच धरायचे. तो कोणत्या बाजूला झुकावा एवढे आधी ठरवून ठेवायचे. अतिदक्षता विभागातला ईसीजी मॉनिटर याच रीतीने वागतो. रुग्णाच्या छातीवरचा इलेक्ट्रोड निसटला तर यंत्र गप्प बसत नाही, गजर करते. नर्स धावत येते, तर रुग्ण शांत झोपलेला आणि चिकटपट्टी सुटलेली. असे दहादा झाले की वैताग येतो खरा. पण सुटलेल्या तारेला ‘सगळे ठीक’ समजणारा मॉनिटर कोणालाच नको असेल.

या बंद सर्किटचे फ्रेंच पेटंट २९ फेब्रुवारी १८७२ला आणि अमेरिकन पेटंट २० ऑगस्ट १८७२ला मिळाले. त्याच वर्षी ईरी शहरातल्या राज्य प्रदर्शनात रॉबिन्सन यांनी त्याचेही मॉडेल मांडले.

मॉडेलवर निर्दोष चाललेली गोष्ट पाऊस-पाण्यात तशीच चालेल असे नाही. त्या काळी रुळांचे तुकडे पट्ट्या आणि बोल्टने जोडलेले असत. सांध्यात गंज चढला की वीज अडे. त्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंना तारेने जोडण्याची युक्ती निघाली. ‘बाँड वायर’ म्हणून ती आजही सांध्यांवर दिसते. टापूच्या टोकाचे सांधे वेगळे करण्यासाठी लाकूड वापरले गेले. ओल्या खडीतून वीज एका रुळातून दुसऱ्यात झिरपे आणि रिले कधी उगीचच पडे. हा दोष निदान सुरक्षित बाजूचा. उलट बाजूचा एक दोष मात्र आजवर पुरता गेलेला नाही. फार दिवस न वापरलेल्या रुळावर गंजाचा थर जाड झाला, की चाक आणि रूळ यांच्यात नीट संपर्क होत नाही आणि उभी असलेली गाडीही सर्किटला दिसेनाशी होऊ शकते. अशा जागी चाके मोजणारे अॅक्सल काउंटर हा पर्याय आहे, आणि भारतात त्यांचा वापर मोठा आहे.

१८७८ मध्ये रॉबिन्सन यांनी बोस्टनमध्ये युनियन इलेक्ट्रिक सिग्नल कंपनी काढली. दुष्काळाने होरपळलेल्या नगर जिल्ह्यातून दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेही हेच साल. दोन-तीन वर्षांतच एअर ब्रेकमुळे प्रसिद्धी पावलेले जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी कंपनी ताब्यात घेतली आणि १८८१ मध्ये युनियन स्विच अँड सिग्नल ही मोठी कंपनी उभी राहिली. ट्रॅक सर्किट जगभर गेले ते या कंपनीच्या जोरावर. मुंबईत बोरीबंदर ते भायखळा मार्गावर १९२८ मध्ये स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल लागले. असा सिग्नल माणसाने हात न लावता बदलतो, कारण पुढचा टापू रिकामा आहे की नाही हे त्याला रूळच सांगतात.

रॉबिन्सन मात्र सिग्नलच्या व्यवसायातून दूर झाले. वळणावर सहज वळणाऱ्या ट्रामच्या चाकगाड्यांवर त्यांनी काम केले. तोवर सिग्नलच्या शोधावर अनेकजण हक्क सांगू लागले होते. १९०६ मध्ये त्यांनी स्वयंचलित सिग्नलचा इतिहास स्वतःच लिहून प्रसिद्ध केला. स्वतःच्या शोधाचा इतिहास स्वतः लिहावा लागणे फारसे सुखाचे नसते, आणि असे लिखाण वाचकानेही थोडे जपूनच वाचावे. पण पेटंटांच्या तारखा त्यांच्या बाजूने होत्या. १९२१ मध्ये ब्रुकलिन येथे ते वारले.

बिघाडाला सुरक्षित बाजूकडे झुकवणाऱ्या या यंत्रणेलाही एका गोष्टीपुढे हार खावी लागते. ती गोष्ट म्हणजे थकलेल्या माणसाने जोडलेली वायर. १२ डिसेंबर १९८८च्या सकाळी लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ एक प्रवासी गाडी उभ्या गाडीवर मागून आदळली आणि ३५ जण मरण पावले. उभी गाडी टापूत होती, तरीही तिच्या मागचा सिग्नल धोक्याचा झाला नव्हता. सिग्नलचे नूतनीकरण सुरू असताना काढून टाकायची एक जुनी वायर एका टोकाला जोडलेलीच राहिली होती. तिचे दुसरे, उघडे टोक जुन्या जागी टेकले आणि रिलेला बगल देऊन वीज सिग्नलपर्यंत पोहोचत राहिली. चौकशीत निघाले, की ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या १३ आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती आणि त्याने जोडलेल्या वायरी दुसऱ्या कोणी मोजून पाहिल्या नव्हत्या. त्यानंतर तिथे अशा कामगारांच्या सलग तासांवर मर्यादा आल्या. झोपेच्या अभ्यासांतून पुढे दिसले, की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते. चूक झाली हे त्याला कळतही नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात २९०हून अधिक जीव गेले, तेव्हाही चौकशीचे बोट सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेल्या चुकीच्या बदलांकडेच गेले.

घरी मॉडेल रेल्वे मांडणाऱ्या हौशी माणसाला हा सगळा धडा १२ व्होल्टवर, कोणालाही इजा न होता गिरवता येतो. त्याच्या टेबलावर रुळांतून इंजिनाच्या मोटरसाठीच वीज वाहत असते, त्यामुळे रॉबिन्सन यांचे सर्किट जसेच्या तसे चालत नाही. रुळाचे तुकडे प्लॅस्टिकच्या जोडांनी वेगळे करून प्रत्येक तुकड्यात वीज खर्च होते का, हे पाहावे लागते. होत असेल तर तिथे गाडी आहे. इंजिन वीज खाते, म्हणून ते लगेच सापडते. डबे मात्र काहीच खात नाहीत. त्यांची चाके एकमेकांपासून विद्युतरोधक ठेवलेली असतात. म्हणजे इंजिन पुढच्या तुकड्यात शिरले, की मागे राहिलेल्या डब्यांच्या तुकड्यात हिरवा दिवा लागतो. किंझुआची जुनी चूक दिवाणखान्यात पुन्हा हजर.

म्हणून जाणकार हौशी लोक आणखी एक खटपट करतात. शेवटच्या डब्याची आस काढायची, एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत दहा हजार ओहमचा इवलासा रेझिस्टर चिकटवायचा, वरून वाहक रंगाचे दोन ठिपके द्यायचे. त्यातून जाणारी वीज नगण्य असते, पण ती मोजली जाते. एवढे केल्यावर डबा मुद्दाम तोडून मागे ठेवायचा आणि सिग्नल लाल राहतो का ते पाहायचे.