फॉलिक आम्लाचे दुसरे रूप शोधणारे सुब्बाराव

माध्यमिक शाळेतील मुलांना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी दिली जाते, तीत लोहाबरोबर फॉलिक आम्ल असते. रक्तक्षय टाळणारे हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील पहिले परिणामकारक औषधही याच चमूने घडवले, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

सुब्बारावांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमावरमचा. घरची परिस्थिती ओढगस्तीची. मॅट्रिकची परीक्षा तिसऱ्या प्रयत्नात सुटली. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी खादी वापरली आणि इंग्रज प्राध्यापकांची नाराजी ओढवून घेतली. परिणामी एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही दुय्यम पदवी पदरी पडली. त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने दगावले होते आणि त्या रोगाचे मूळ कोणालाच ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी ते बोस्टनला गेले. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या. त्यांचा मुलगा तान्हेपणीच जंतुसंसर्गाने गेला. पित्याला त्याचे मुखदर्शनही घडले नाही. सुब्बाराव पुन्हा कधीच मायदेशी परतले नाहीत. उदरनिर्वाहासाठी इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामे करीत त्यांनी हार्वर्डमध्ये संशोधन केले. रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा शोध या कामांत सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. तरीही कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

फॉलिक आम्लाच्या कथेचा एक धागा मुंबईत सापडतो. तेथील गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंनी १९३१ मध्ये दाखवून दिले होते. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. ते लेडर्लेत कृत्रिमरीत्या तयार झाले आणि संग्रहणीवरही लागू पडले. भावांना मात्र त्याचा उपयोग होणार नव्हता.

बोस्टनच्या बालरुग्णालयातील सिडनी फार्बर यांनी या वर्गातील द्रव्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना देऊन पाहिली. या आजारात अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशींचा पूर येतो. मूल पांढुरके पडते, ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येते, हाडे ठणकतात. तेव्हा असे मूल काही आठवड्यांत वा महिन्यांत जाई. फॉलिक आम्लाने तर रोग अधिकच बळावल्याचे फार्बर यांना दिसले. पेशीविभाजनाला हे आम्ल लागते, मग त्याचीच बनावट प्रतिकृती देऊन पेशींना फसवले तर? सुब्बारावांच्या चमूने घडवलेली ॲमिनोप्टेरिन ही ती प्रतिकृती. १९४७च्या अखेरीस ती प्रथम एका मुलाला टोचण्यात आली. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांत रोग काही काळ मागे हटला होता. तो पुन्हा उलटला, ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. पण तोवर औषधाने हा रोग हटतो, असे कोणी पाहिलेच नव्हते.

ॲमिनोप्टेरिनची जागा लवकरच मेथोट्रेक्सेटने घेतली. तेही त्याच चमूचे अपत्य. आज ते इतर औषधांसह दोन-तीन वर्षे दिले जाते. मेंदूकडे रोग सरकू नये म्हणून पाठीच्या कण्यातूनही टोचतात. मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या लिंफोब्लास्टिक प्रकारात प्रगत देशांतील दहांपैकी जवळपास नऊ मुले आता बरी होतात. बालसंधिवातातही हेच औषध कमी मात्रेत वापरतात. हत्तीरोगावरील परिचित गोळी आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक यांमागेही सुब्बारावांचा विभाग होता. जंतुसंसर्गाने गेलेल्या मुलाच्या पित्याच्या देखरेखीखाली हे घडले, याची नोंद घ्यावीशी वाटते.

फार्बर यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाल्यावर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बारावांचे झोपेतच निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते. भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट १९९५ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी काढले.