मनूचा दाखला देणारा टोपीवाला : जेम्स विल्सन आणि हिंदुस्थानातला पहिला प्राप्तिकर

आपल्या कष्टाच्या मिळकतीतला वाटा मागण्याचा अधिकार सरकारला दिला कोणी, हा प्रश्न प्राप्तिकराइतकाच जुना आहे. हिंदुस्थानात तो पहिल्यांदा जाहीरपणे विचारला गेला १८६० साली, कलकत्त्यात. त्याला उत्तर देण्यासाठी जे गृहस्थ उभे राहिले, त्यांच्या उमेदीची वीसेक वर्षे टोप्या तयार करण्यात आणि विकण्यात गेली होती. गोऱ्या माणसाला आपल्याकडे पूर्वी सरसकट टोपीकर म्हणत. जेम्स विल्सन हे त्या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी टोपीकर होते.

त्यांचा जन्म ३ जून १८०५ रोजी स्कॉटलंडच्या सीमाभागातील हॉइक या गावी झाला. वडिलांची लोकरीच्या कापडाची गिरणी होती आणि घराणे क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, दिलेल्या शब्दाला जागणे आणि व्यवहारात चोख असणे ही या पंथाची शिकवण. मुलाने शिक्षक व्हावे म्हणून त्याला इंग्लंडात पाठवण्यात आले, पण ते काम त्याच्या मनाला मुळीच रुचले नाही. वकिली शिकण्याचा विचार पुढे आला, तर तो पंथाच्या नियमात बसेना. अखेर सोळाव्या वर्षी टोप्या करणाऱ्या एका कारखानदाराकडे उमेदवारी सुरू झाली. पुढे वडिलांनी तोच धंदा विकत घेऊन जेम्स आणि त्यांच्या भावाच्या हाती दिला. १८२४ मध्ये हे दोघे बंधू लंडनला गेले आणि तेथे त्यांचा चांगला जम बसला.

त्यानंतर नीळ आडवी आली. हिंदुस्थानातून येणाऱ्या निळीचा भाव चढणार अशा अंदाजाने विल्सन यांनी त्यात मोठी रक्कम गुंतवली. १८३७ च्या सुमारास भाव कोसळला आणि जन्मभराची पुंजी जवळजवळ बुडाली. दिवाळे निघू न देता त्यांनी देणी भागवली. देणेकऱ्यांना रोख पैशाच्या जागी जी मालमत्ता ठरलेल्या किमतीला दिली होती, तिचे पुढे तेवढे पैसे आले नाहीत. व्यवहार पुरा झाला असल्याने कायद्याने आता काहीच बाकी नव्हते, तरीही हाती पैसा येताच विल्सन यांनी तो फरक स्वतःहून भरून दिला. कायदेशीर काय आणि न्याय्य काय यातले अंतर या माणसाला स्वतःच्या खिशाला झळ लागून कळलेले होते. त्यांच्या पुढच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या वादात नेमके हेच अंतर त्यांच्या वाट्याला उलट बाजूने आले.

बुडता बुडता सावरलेल्या या व्यापाऱ्याने मग लेखणी हाती धरली. परदेशी धान्यावरच्या जकातीविरुद्ध त्यांनी १८३९ मध्ये पुस्तिका लिहिली. १८४३ मध्ये खुल्या व्यापाराच्या प्रचारासाठी ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढले. ते आजही चालू आहे. १८४७ मध्ये ते पार्लमेंटात निवडून गेले आणि लवकरच हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचे चिटणीस झाले. मुंबई-ठाणे आगगाडी ज्या व्याजाच्या हमीवर उभी राहिली, त्या हमीचे करार त्यांच्याच काळातले. १८५३ पासून पाच वर्षे ते ब्रिटिश खजिन्याचे चिटणीस होते. त्याच वर्षी चार्टर्ड बँकेच्या स्थापनेतही त्यांनी पुढाकार घेतला. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर १७९९ मध्ये युद्धखर्चासाठी आला, १८१६ मध्ये रद्द झाला आणि १८४२ मध्ये परतला. तात्पुरता म्हणून आलेला हा कर घरात कसा ठाण मांडतो, हे विल्सन यांनी खजिन्यात बसून पाहिले होते.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारची तिजोरी रिकामी होती. उठाव मोडण्याच्या खर्चापायी कर्ज जवळजवळ चार कोटी पौंडांनी वाढले होते आणि दरवर्षी तूट पडत होती. ही घडी बसवण्यासाठी व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थखाते सांभाळणारा सदस्य नेमायचे ठरले. विल्सन यांनी नुकतेच मिळालेले मंत्रिपद सोडले आणि नोव्हेंबर १८५९ च्या अखेरीस ते कलकत्त्यात उतरले.

१८ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांनी कायदेमंडळापुढे देशाचा अर्थसंकल्प मांडला. त्यातली मुख्य सूचना प्राप्तिकराची होती. वार्षिक २०० रुपयांखालील मिळकतीला माफी, २०० ते ५०० रुपयांवर शेकडा दोन आणि त्याहून अधिक मिळकतीवर शेकडा चार असे दर शेवटी ठरले. चारपैकी एक टक्का स्थानिक बांधकामांसाठी होता. जमीनजुमला, धंदा व व्यापार, सरकारी रोखे आणि पगार अशा चार गटांत मिळकतीची विभागणी होती. सालिना २०० म्हणजे महिना साडेसोळा रुपयांच्या आसपास. त्यामुळे साधा कारकून आणि गावचा किराणा दुकानदारही या जाळ्यात येत होता.

कराच्या वैधतेवर तीन बाजूंनी हल्ला झाला आणि तिन्ही हल्ले वेगवेगळ्या तऱ्हेचे होते. पहिला बंगालच्या जमीनदारांचा. १७९३ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने कायमधारा पद्धत लागू करताना जमिनीचा सारा कायमचा ठरवून दिला होता. पुढे कधीही त्यात वाढ होणार नाही, असा सरकारचा शब्द होता. मग जमिनीच्या उत्पन्नावर नवा कर बसवणे म्हणजे मागच्या दाराने साराच वाढवणे नव्हे काय, असे ते विचारीत. हा युक्तिवाद वरवरचा नव्हता, त्यामागे छापील कायदा होता. विल्सन यांचे उत्तर असे की, सरकारने साऱ्याबाबत वचन दिले होते, सर्व करांतून सुटकेचे नव्हे. जो कर व्यापाऱ्यावर, पगारदारावर आणि रोखेधारकावर सारखाच बसतो, त्यातून फक्त जमीनदाराने अंग काढून घ्यावे असे त्या वचनात कोठेही लिहिलेले नाही. पुढे न्यायालयांनी हीच बाजू धरली. कायमधाऱ्यातला जमीनदार प्राप्तिकरातून आपोआप सुटत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९३० मध्ये शेवटचे सांगून टाकले. म्हणजे विल्सन यांचे म्हणणे पक्के व्हायला सत्तर वर्षे लागली.

दुसरा आक्षेप रूढीचा होता. असा कर या देशात कधी नव्हता, तो परक्यांनी आणलेला आहे, असे लोक म्हणत. त्यावर विल्सन यांनी मनूला साक्षीला बोलावले. प्रजेच्या उत्पन्नातला वाटा घेण्याचा राजाचा अधिकार हिंदूंच्या स्वतःच्या धर्मशास्त्राने मानलेला आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही, असा त्यांचा सूर होता. हे उत्तर चतुर होते, पण लंगडे होते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने पशू आणि सोने यांचा पन्नासावा भाग घ्यावा असे सांगितले आहे. पन्नासावा भाग म्हणजे शेकडा दोन, हा योगायोग गमतीचा आहे खरा. मात्र त्याच अध्यायात राजा मरणाच्या दारी असला तरी श्रोत्रिय ब्राह्मणाकडून त्याने कर घेऊ नये असेही म्हटले आहे. मनू मानायचा तर तेही कलम कायद्यात यायला हवे होते, आणि विल्सन यांचा कायदा जात पाहणार नव्हता. शिवाय ब्रिटिश सरकारचा कर वैध ठरतो तो त्याच्या कायदेमंडळामुळे. स्मृतिग्रंथाचा आधार त्याला लागतच नाही. तरीही विल्सन यांना तो घ्यावासा वाटला, याचे कारण तिसऱ्या आक्षेपात सापडते.

तो घेतला मद्रासच्या गव्हर्नरने. सर चार्ल्स ट्रेव्हेलियन हे मेकॉलेचे मेहुणे आणि स्वतः एके काळी ब्रिटिश खजिन्यातले बडे अधिकारी. लष्कराचा खर्च कमी करा, नवे कर नकोत, असे त्यांचे मत होते. ज्या प्रजेचा एकही प्रतिनिधी कायदेमंडळात नाही तिच्यावर असा कर लादणे धोक्याचे आहे, असेही ते म्हणत. त्यांनी हा विरोध खलित्यापुरता न ठेवता वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करून टाकला. गव्हर्नरनेच सरकारच्या धोरणाविरुद्ध जनतेपुढे जावे, हे लंडनला सहन होणे शक्य नव्हते. काही आठवड्यांत त्यांना परत बोलावण्यात आले. शिस्तीच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण बडतर्फीने त्यांच्या मुद्द्याचे खंडन झाले नाही. कलकत्त्याच्या त्या कायदेमंडळात खरोखरच एकही हिंदी सभासद नव्हता. पहिले तिघे नेमले गेले ते १८६२ मध्ये, आणि त्यांत पतियाळाचे महाराज व काशीचे राजे यांच्याबरोबर ग्वाल्हेरचे माजी दिवाण दिनकरराव राजवाडे होते. प्राप्तिकर मंजूर झाला त्या वेळी त्यावर होय किंवा नाही म्हणायला असा कोणीही तेथे नव्हता.

२४ जुलै १८६० रोजी कायद्याला मंजुरी मिळाली. अडीचशेहून अधिक कलमांचा तो कायदा पाच वर्षांच्या मुदतीचा होता. बेळगाव, धारवाड हे जिल्हे मुंबई इलाख्यात असल्याने तेथे तो लागू झाला. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद ही संस्थाने त्याच्या कक्षेबाहेर राहिली. गोवा तर पोर्तुगिजांकडे होता. भारतीय प्राप्तिकर गोमंतकीयांच्या दारी आला तो मुक्तीनंतर, १९६३ मध्ये. ठाणे जिल्ह्यातील वसईत १८६० साल संपता संपता या करावरून दंगा झाला. आपले उत्पन्न कागदावर लिहून सरकारच्या हाती द्यायचे, ही कल्पनाच सावकार-व्यापाऱ्यांना सहन होत नव्हती. पेढीची पत झाकल्या मुठीवर चालते, हे त्यांचे गणित कलकत्त्याच्या कोष्टकांत धरलेले नव्हते.

हे सारे पाहायला विल्सन उरले नाहीत. कागदी चलनाची योजनाही त्यांनी त्याच काळात पुढे रेटली होती. सरकारी नोटांचा कायदा त्यांच्यामागे, १८६१ मध्ये झाला. कलकत्त्याचा उन्हाळा आणि मग पावसाळा त्यांनी कामात काढला. हवापालटासाठी शहर सोडण्याचा सल्ला ते पुढे ढकलीत राहिले. कायद्याला मंजुरी मिळून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ११ ऑगस्ट १८६० रोजी रक्तातिसाराने त्यांचा मृत्यू झाला. वय ५५ वर्षांचे होते आणि हिंदुस्थानातला मुक्काम साडेआठ महिन्यांचा. त्यांचे जावई वॉल्टर बॅजट हे पुढे ‘द इकॉनॉमिस्ट’चे नामवंत संपादक झाले. सासऱ्यांची आठवण त्यांनीच लिहून ठेवली.

त्यांच्या कराची पुढची कहाणी चमत्कारिक आहे. लहान मिळकतवाल्यांची संख्या मोठी, वसुली थोडी आणि त्रास अतोनात, असे दिसून आल्याने १८६२ मध्ये ५०० रुपयांखालच्यांना वगळण्यात आले. १८६३ मध्ये वरचा दरही शेकडा तीनवर आला. त्याच सुमारास अर्थखात्याच्या खुर्चीवर येऊन बसले ते सर चार्ल्स ट्रेव्हेलियन. करावर टीका केल्याबद्दल ज्यांना मद्रासहून घालवले होते, त्यांच्याच कारकिर्दीत १८६५ साली कराची मुदत संपली आणि त्यांनी ती संपू दिली.

पण तूट थांबली नाही. त्यामुळे कधी परवान्याच्या, कधी दाखल्याच्या नावाने कर पुन्हा पुन्हा येत-जात राहिला आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा झाला. त्या कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले. १८६० मध्ये ज्या जमीनदारांनी सर्वांत मोठा आवाज केला होता, त्यांच्या शेतसाऱ्याच्या उत्पन्नाला न्यायालयाने नाकारलेली सूट अशी कायदेमंडळाकडून मिळाली. राज्यघटनेनेही ही विभागणी ठेवली आहे. शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरचा कर केंद्राच्या सूचीत, तर शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्यांच्या सूचीत आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, असे २६५ वे कलम सांगते. तो कायदा करणारे सभागृह आता मतदारांनी निवडलेले असते. ट्रेव्हेलियन यांच्या आक्षेपाला विल्सन यांच्याकडे नसलेले उत्तर हेच होते.

विल्सन यांची कबर कलकत्त्यात मल्लिकबाजारच्या दफनभूमीत आहे. झाडोऱ्यात हरवलेली ही कबर २००७ मध्ये प्राप्तिकर खात्याच्याच एका अधिकाऱ्याने शोधून काढली. २४ जुलै हा दिवस खाते आता प्राप्तिकर दिन म्हणून पाळते.