बाळू पालवणकर : राबणारा हात आणि नाकारलेले नेतृत्व

मुंबईच्या लोकलपासून वेळणेश्वरच्या पुळणीपर्यंत, जेथे जेथे क्रिकेटचा विषय निघतो, तेथे तेथे २०२५ च्या उन्हाळ्यात एकच वाद रंगला होता. इंग्लंडच्या दौऱ्यातील पाच कसोटी सामन्यांपैकी तीनच सामने जसप्रीत बुमराहने खेळावेत, असे आधीच ठरले होते. पाठीच्या दुखापतीतून उठलेल्या गोलंदाजास जपून वापरले पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे. तर देशाच्या संघापुढे स्वतःच्या शरीराचा हिशेब मांडणे हीच मुळी निष्ठेची उणीव होय, असे दुसऱ्या पक्षाचे. त्याच दौऱ्यात महंमद सिराज पाचही सामने खेळला आणि त्याने २३ बळी मिळवले, त्यामुळे वादास अधिकच धार आली. अमेरिकेत बास्केटबॉलच्या नामांकित खेळाडूंना सामन्यामागून सामने विश्रांती दिली जाते, तेव्हा तेथील प्रेक्षकांतही हाच कलह माजतो.

या वादात एक गोष्ट मात्र सहसा विसरली जाते. खेळाडूचे संघाला काय देणे लागते, एवढेच सारे विचारतात. संघाचे खेळाडूला काय देणे लागते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो प्रश्न महाराष्ट्रात एका माणसाच्या आयुष्याने शंभर वर्षांपूर्वीच विचारून ठेवला आहे. त्या माणसाचे नाव बाळू पालवणकर.

वेळणेश्वरापासून उत्तरेस बाणकोटपर्यंतच्या किनारपट्टीने मुंबईला जशी गिरण्यांतली माणसे पुरवली, तशीच लष्कराला शिपाई माणसेही पुरवली. पोटापुरते पिकत नाही आणि गावात मान नाही, अशा दुहेरी कोंडीतून सुटण्याचा लष्करी नोकरी हा अस्पृश्य मानलेल्या जातींना त्या काळी एक मार्ग होता. रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणी या गावावरून आडनाव घेतलेले हे चर्मकार कुटुंबही त्याच वाटेने बाहेर पडले. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. पुढे वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे कुटुंब पुण्यास आले. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू यांवर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी क्रिकेटचे पहिले धडे गिरवले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्लबात होती. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे आणि सभासदांना हवे तेव्हा चेंडू टाकणे हे काम. पगार दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तेथे पगार एका रुपयाने वाढला. जाळे लावणे, खेळपट्टी आखणे यांबरोबरच सरावासाठी गोलंदाजी करणे हे येथील त्यांचे मुख्य काम झाले. त्या काळचा नावाजलेला फलंदाज कॅप्टन ग्रेग हा इतर सभासदांच्या आधी मैदानावर येई आणि तासन् तास बाळूंकडून चेंडू टाकून घेई. आपणास बाद केल्यास दर खेपेस आठ आणे, असे त्याने ठरवून दिल्याचे सांगतात. डाव्या हाताची मंदगती फिरकी, टप्प्यावरची हुकमत आणि चेंडूच्या वेगात नकळत केलेला बदल ही बाळूंची सारी विद्या या मजुरीतूनच उभी राहिली.

या व्यवस्थेतील श्रमविभागणी लक्षात घेण्यासारखी आहे. हजारो चेंडू टाकणाऱ्या या तरुणाला त्या क्लबात कधी फलंदाजी करू दिली गेली नाही. बॅट हाती घेणे हे साहेबाचे काम, घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे. खेळ एकच, पण त्यातील सुख एकाच्या वाट्याला आणि कष्ट दुसऱ्याच्या, अशी ही वाटणी होती. पुढे बाळूंच्या आयुष्यात मैदाने बदलली, संघ बदलले, पण ही वाटणी फार काळ बदलली नाही.

पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज तर त्याच युरोपियनांच्या जाळ्यात रोज चेंडू टाकीत होता. त्यास संघात घ्यावे की नाही, यावर हिंदू क्लबात दोन तट पडले. अखेर जिंकण्याच्या ओढीने सोवळ्यावर मात केली आणि बाळू संघात आले. पण ते मैदानाच्या रेषेपर्यंतच. खेळ चालू असताना ज्या चेंडूस बाळूंचा हात लागे, तोच चेंडू सवर्ण खेळाडू झेलीत. चहाच्या सुट्टीत मात्र सवर्णांसाठी कपबशी असे, आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे पान वेगळे, जागा वेगळी, आणि हातावर पाणी घालण्यासाठी माणूसही अस्पृश्य जातीतलाच. चेंडूला विटाळ नाही आणि चहाच्या पेल्याला आहे, हे तर्कशास्त्र कोणत्या शास्त्रात बसते, हे त्या क्लबातील पंडितांनाच ठाऊक. त्यांना बाळूंचा हात हवा होता, त्या हाताचा माणूस मात्र नको होता.

बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याच्या संघाने एकामागून एक विजय मिळवले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने त्यांची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून खेळपट्टीवर दिवसचे दिवस रोलर फिरवला आणि तरीही तो सामना बाळूंनीच जिंकून दिला, अशी हकिकत सांगितली जाते. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकाने त्यांचा जाहीर गौरव केला. मैदानावरच्या बळींची संख्या वाढू लागली तशी मंडपातील लाजही थोडी थोडी वाढू लागली.

१८९६ नंतर प्लेगाने पुणे उजाड होऊ लागले, तेव्हा बाळू मुंबईस आले. तेथे रेल्वेची नोकरी आणि हिंदू जिमखान्याचे क्रिकेट असा त्यांचा संसार सुरू झाला. याही जिमखान्यात काही सभासदांनी त्यांच्या प्रवेशास विरोध केला आणि येथेही गरजेने विरोधावर मात केली. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या संघात बाळूंच्या जोडीला शिवरामही होते. सत्ताधाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद तर होताच. शिवाय सुधारकांच्या वृत्तपत्रांनी आणखी एक अर्थ वाचला. जातीची भिंत थोडी खाली घेतली तर विजय मिळतो, हा तो अर्थ.

बाळूंच्या श्रमाची खरी कसोटी लागली ती १९११ साली. त्या उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. वय वर्षे एकोणीस. संघात महाराज थोडे खेळले आणि पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या त्या वर्षी मेजवान्यांत अधिक रमले. पस्तिशीत पोहोचलेले बाळू मात्र कौंटीमागून कौंटीविरुद्ध एका टोकाने चेंडू टाकीत राहिले. संघाने २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले. अशा पराभूत संघात बाळूंनी एकूण ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी मिळवले. लेस्टरशायरविरुद्ध दौऱ्यातला प्रथम श्रेणीचा पहिला विजय मिळाला, त्या सामन्यात त्यांचे ११ बळी होते. पुढे सॉमरसेटला एका गड्याने हरवले, तेव्हा शिवराम शतक ठोकून नाबाद राहिले. दौऱ्याची अब्रू राखली ती प्रामुख्याने या दोन भावांनी.

त्यांच्या खांद्याची, बोटांची काळजी करणारा कोणी वैद्य संघाबरोबर असेल, किंवा विश्रांतीचे वेळापत्रक कोणी आखले असेल, अशी अपेक्षाच त्या काळी करता येत नाही. मोलाने चेंडू टाकणाऱ्याने टाकीत राहावे, हा पूना क्लबाचा नियम इंग्लंडमध्येही लागू होता. फरक एवढाच की, आता मजुरीऐवजी टाळ्या मिळत होत्या.

मुंबईस परतल्यावर अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाचा त्या समारंभाशी संबंध होता, असे सांगितले जाते. एका पिढीला बाळू हे केवढे मोठे स्वप्न वाटत होते, याची त्यावरून कल्पना येते.

सत्कार झाले, पण कर्णधारपद मिळाले नाही. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचा सर्वांत अनुभवी खेळाडू, सर्वांत भरवशाचा गोलंदाज बाळूच. पण नेतृत्वाची निवड झाली की नाव दुसऱ्याचे निघे. १९१३ साली कर्णधार झालेल्या पै यांनी तर एका सत्कारप्रसंगी जाहीरपणे कबूल केले की, हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा होता. कबुली उमदी होती. मात्र त्या कबुलीने निवड समितीचा निर्णय बदलला नाही. कर्णधारास इतरांपेक्षा अधिक जाण, अधिक अनुभव लागतो, असा युक्तिवाद कोणी केलाच, तर त्यास उत्तर म्हणून एकोणीस वर्षांच्या महाराजांचे उदाहरण पुरेसे आहे. नेतृत्व गुणांवर ठरत नव्हते, जन्मावर ठरत होते.

अन्याय वर्षानुवर्षे गिळूनही बाळू संघाशी एकनिष्ठ राहिले. पण निष्ठा ही न आटणारी विहीर नव्हे. १९२० साली त्यांना संघातून वगळण्यात आले. त्यांचे बंधू विठ्ठल हे तेव्हा हिंदू संघातील आघाडीच्या फलंदाजांपैकी एक. कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठल यांना डावलून वयाने लहान असलेल्या देवधरांना नेतृत्व देण्यात आले. देवधर थोर फलंदाज होते यात शंका नाही आणि हा दोष त्यांचा नव्हे, दोष निवडणाऱ्यांचा. विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी संघातून माघार घेतली आणि आपली कारणे जाहीर केली.

हे वर्ष मुंबईच्या इतिहासात विसरण्यासारखे नाही. त्याच वर्षाच्या आरंभी गिरणी कामगारांचा मोठा संप झाला होता आणि त्याच वर्षी आयटक ही कामगारांची अखिल भारतीय संघटना मुंबईतच स्थापन झाली. पालवणकर बंधूंची माघार हा त्याच अर्थाने कुशल श्रमिकांचा संप होता. त्यांनी पगार मागितला नाही, सामने कमी करा असे म्हटले नाही. ज्या कामाचा भार आम्ही वाहतो त्याच्या निर्णयात आम्हाला वाटा द्या, एवढेच मागितले. लोकमत त्यांच्या बाजूने झुकले. अंतिम सामन्यासाठी दोघे भाऊ परत आले, पै पुन्हा कर्णधार झाले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. आयुष्यभराच्या श्रमाचा मोबदला तेवढाच.

परंतु त्या माघारीचे फळ धाकट्या भावाला मिळाले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. तीस वर्षांपूर्वी ज्या घरातील मुलगा तीन रुपयांवर रोलर ओढीत होता, त्या घराच्या हाती संघाची सूत्रे आली. गुणांच्या बळावर ती आली हे खरेच. पण नुसत्या गुणांनी ती आली नाहीत. गुण तर बाळूंच्या अंगी वीस वर्षे होतेच. ती आली एकदा ठामपणे नकार दिल्यामुळे.

भारताने १९३२ साली पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा बाळूंचे वय छप्पन्न होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी, एवढीच त्यांच्या श्रमाची नोंद दप्तरी उरली. त्याच वर्षी झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. घरात राहून घर सुधारावे, हा बाळूंचा मार्ग. घराचा पायाच तपासावा, हा आंबेडकरांचा. मैदानावर आयुष्यभर जी वृत्ती बाळूंनी धरली तीच राजकारणातही धरली, असे म्हणावे लागते. आणि मतदारांनी दुसरा मार्ग पसंत केला, हेही नोंदवले पाहिजे. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

आजच्या खेळाडूच्या दिमतीस वैद्य आहेत, त्याच्या प्रत्येक षटकाचा हिशेब ठेवणारी यंत्रे आहेत आणि त्याला मिळणारे मानधन बाळूंच्या कल्पनेतही बसले नसते. म्हणून दोन्ही काळांची बरोबरी करणे बरोबर नाही. तरीही एक सूत्र कायम आहे. ज्याच्या शरीराची झीज होते, त्याच्या शब्दाला त्या झिजेविषयी किंमत असली पाहिजे. ती किंमत न देता निष्ठेची मागणी करणे म्हणजे मातीच्या भांड्यात चहा देऊन वर उपकाराची अपेक्षा करणे होय. पुढच्या खेपेस एखाद्या गोलंदाजाने विश्रांती मागितली आणि त्याच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचा मोह झाला, तर एवढे जरूर आठवावे की, बाळू पालवणकरांनी कधी विश्रांती मागितली नाही, तरीही त्यांच्या संघाने त्यांना कर्णधार केले नाही.