यॉन गेसोमुन

यॉन गेसोमुन हा प्राचीन कोरियातील गोगुर्यो राज्याचा सेनानी आणि इ.स. ६४२ पासून मृत्यूपर्यंत त्या राज्याचा प्रत्यक्ष सत्ताधीश होता. तो स्वतः कधीही राजा झाला नाही.

सत्ताग्रहण

त्याचे घराणे उच्च सरदारांपैकी होते. पश्चिम सीमेवरील तटबंदीच्या बांधकामाची देखरेख त्याच्याकडे होती. त्याच्या वाढत्या सामर्थ्याच्या भीतीने राजा योंगन्यू व काही मंत्र्यांनी त्याच्या हत्येचा बेत आखला. याची कुणकुण लागताच ६४२ मध्ये त्याने सैन्यपाहणीच्या निमित्ताने प्याँगयाँग येथे जमलेल्या शंभराहून अधिक अधिकाऱ्यांची कत्तल केली, राजाला ठार मारले आणि राजाचा पुतण्या बोजांग याला गादीवर बसवले. सर्व अधिकार मात्र त्याने स्वतःकडेच ठेवले.

परराष्ट्र धोरण आणि युद्धे

त्याच वर्षी सिल्ला राज्याचा दूत किम चुनचू मदत मागण्यास आला असता त्याने ती नाकारली. पुढे सिल्लाने चीनच्या तांग साम्राज्याशी संधान बांधले व तेच गोगुर्योला महाग पडले. राजहत्येचे निमित्त करून तांग सम्राट ताइझोंगने ६४५ मध्ये स्वारी केली. ल्याओदोंगचा किल्ला पडला. परंतु आन्सी किल्ल्याने दीर्घ वेढ्याला दाद दिली नाही आणि हिवाळा जवळ येताच सम्राटाला माघार घ्यावी लागली. ६६२ मध्ये सासू नदीच्या लढाईतही तांग सैन्याचा मोठा पराभव झाला.

मृत्यू आणि राज्याचा अस्त

त्याच्या मृत्यूचे वर्ष साधनांनुसार ६६४ ते ६६६ असे वेगवेगळे मिळते. त्यानंतर मुलांमध्ये सत्तासंघर्ष पेटला. थोरला मुलगा नामसेंग तांग साम्राज्याला जाऊन मिळाला, तर भाऊ यॉन जोंगतो सिल्लाला शरण गेला. ६६८ मध्ये तांग व सिल्ला यांच्या संयुक्त सैन्याने प्याँगयाँग जिंकले आणि गोगुर्यो राज्य संपुष्टात आले.

मूल्यमापन

त्याच्याविषयीची बरीचशी माहिती शत्रुपक्षाच्या चिनी बखरींतून आली आहे. त्यांत तो क्रूर व उद्धट दिसतो. त्यांवर बऱ्याच अंशी विसंबलेल्या ‘सामगुक सागी’ (११४५) या कोरियन इतिहासग्रंथात संपादक किम बुसिक याने त्याला राजद्रोह्यांत स्थान दिले. याउलट, विसाव्या शतकात जपानी अमलाच्या काळात राष्ट्रवादी इतिहासकार शिन चेहो याने त्याला परकीय आक्रमण परतवणारा थोर वीर ठरवले. आक्रमणे थोपवणाऱ्या या सेनानीने सत्ता एका घराण्यात एकवटली आणि त्याच घराण्यातील फुटीने राज्य बुडाले, हा विरोधाभास त्याच्याविषयीच्या वादाच्या मुळाशी आहे.