मुंबईत न उतरलेला डॉक्टर

1938 च्या सुरुवातीची गोष्ट. श्रीलंकेहून युरोपला परतणारं जहाज मुंबई बंदरात लागलंय. जहाजावरचा बासष्ट वर्षांचा एक स्विस डॉक्टर काही खाली उतरत नाही, जुने लॅटिन ग्रंथ वाचत बसून राहतो. तुम्ही म्हणाल, काय बोअर माणूस! पण हा कार्ल युंग. तुम्ही इन्स्टाच्या बायोत ‘इन्ट्रोव्हर्ट’ लिहिता ना, तो शब्द यानेच रूढ केला.

महिना-दोन महिन्यांपूर्वी तो याच मुंबईत उतरून भारत बघायला निघाला होता. कोलकात्यात सायन्स काँग्रेसचा रौप्यमहोत्सव होता, त्याचं निमंत्रण होतं. तिथे आमांशाने गाठलं आणि दहा दिवस हॉस्पिटलमध्ये गेले. तिथून बाहेर पडल्यावर एक स्वप्न पडलं. त्यात ना बुद्ध, ना काली. शेवटच्या भोजनात येशूने वापरला असं मानतात तो पेला इंग्लंडजवळच्या एका बेटावर आहे आणि युंगला एकट्याने पोहत जाऊन तो आणायचाय! भारताने जणू त्याला घरी पिटाळलं.

घर म्हणजे काय, तेही बघा. जन्म 1875 चा. वडील पाद्री, त्यांचे दोन भाऊ पाद्री, आईच्या माहेरी आणखी सहा पाद्री. बारा वर्षांचा असताना बाझल शहरातल्या कॅथेड्रलसमोर त्याच्या मनात एक भयंकर विचार येऊ लागला. दोन-तीन दिवस त्याने तो दाबून धरला. शेवटी येऊ दिला: वर सिंहासनावर देव आणि खाली चकचकीत छतावर पडून ते फोडणारी देवाची विष्ठा. पोराला पाप वाटण्याऐवजी एकदम मोकळं वाटलं. पण हे घरी सांगणार कुणाला?

धर्माची शिकवणी वडीलच घ्यायचे. सगळं रटाळ, फक्त एका धड्याची तो वाट बघत होता. देव एकच असून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तीन कसा? तो धडा आला आणि वडिलांनी सांगून टाकलं की हा आपण सोडून देऊ, मलाच यातलं काही कळत नाही. प्रामाणिकपणा म्हणून मला हे आवडतं. पण मुलगा हादरला. पहिल्या प्रभुभोजनात भाकर खाल्ली, द्राक्षारस प्यायला, आत काहीच हललं नाही. 1896 मध्ये वडील गेले, तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

1907 मध्ये व्हिएन्नात फ्रॉइड भेटला. पहिल्याच भेटीत दोघं तेरा तास बोलले म्हणतात. फ्रॉइडकडे उत्तर तयार होतं: देव म्हणजे मोठा करून आभाळात बसवलेला बाप. प्रभुभोजन म्हणजे आदिम काळी पोरांनी बापाला मारून खाल्लं, त्या अपराधाची आठवण. पाद्र्याच्या पोराला हे पटायला हवं होतं. पटलं नाही. युंगच्या मते प्रतीक काही लपवत नसतं, मनाला अजून शब्दांत सांगता येत नाही ते दाखवत असतं. 1913 पर्यंत मैत्री तुटली.

आणि तो गाळलेला धडा? 1940 मध्ये युंगने त्यावरच व्याख्यान दिलं. म्हणणं असं की तीन हा आकडा अपुरा आहे, चौथं कुणीतरी बाहेर राहिलंय. कधी तो त्याला अंधार म्हणतो, कधी देह, कधी स्त्री. 1950 मध्ये पोपने मरिया सदेह स्वर्गात गेली असा सिद्धांत जाहीर केला, तेव्हा हा प्रोटेस्टंट घरातला माणूस चक्क खूश झाला. देवाच्या घरात अखेर बाई आली होती.

इथे मला ते जहाज आठवतं. त्याच मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउली आहे. नवसाची मेणाची घरं, मेणाचे हातपाय घेऊन सगळ्या धर्मांचे लोक तिच्याकडे जातात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर थेट ख्रिस्तालाच आई म्हणून हाक मारली. आमच्या कळंबमध्ये वारकरी समोरच्या कुणालाही माउली म्हणतात, मिशीवाल्या आजोबांनासुद्धा. ही जोडणी माझी आहे, युंगची नव्हे. पण तो उतरला असता तर?

1952 मध्ये त्याचं ईयोबावरचं पुस्तक आलं. निरपराध माणसाला छळू देणाऱ्या देवालाच त्यात त्याने जाब विचारला. धर्मपंडित भडकले. व्हिक्टर व्हाइट हा त्याचा धर्मगुरू मित्रही दुरावला. 1961 मध्ये युंग गेला.

ते पुस्तक लिहिण्याआधी त्याला एक स्वप्न पडलं होतं. त्यात वडील होते. माशाच्या चकाकत्या कातडीत बांधलेलं मोठं बायबल त्यांनी कपाटातून काढलं आणि अर्थ सांगायला लागले, इतक्या भरभर आणि इतक्या विद्वत्तेने की मुलाला काहीच कळेना.