स्वतःच्याच अंगावर ब्रेक मारून घेणारा डॉक्टर

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालेली खच्चून भरलेली एसटी. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अचानक गाय आडवी येते, ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो आणि उभे असलेले सगळे पुढच्यांवर जाऊन पडतात. कुणी कुणाला ढकललेलं नसतं. गाडी थांबते, पण आतली माणसं आधीच्याच वेगाने पुढे जात राहतात. शाळेत याला जडत्व म्हणतात. पोरं व्याख्या पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात.

जॉन पॉल स्टॅप यांनी ही व्याख्या स्वतःच्या हाडांवर तपासून पाहिली.

स्टॅप यांचा जन्म १९१० चा, ब्राझीलमधला. आईवडील अमेरिकन मिशनरी. १९२८ मध्ये नात्यातलं एक तान्हं बाळ भाजून गेलं, तेव्हा त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. पुढे ते अमेरिकन हवाई दलात दाखल झाले. तिथे प्रश्न असा होता, की विमान आदळलं तर माणूस किती झटका सोसू शकतो? १८ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या अठरापट बल, ही मर्यादा मानली जायची. त्यापुढे मरण.

१९४७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रुळांवर रॉकेटची गाडी उभी राहिली. आधी त्यात पुतळा बसवला, तोही अगदी साध्या पट्ट्याने. ब्रेक लागले, गाडी थांबली, पण पुतळा पट्टा तोडून, समोरची लाकडी फळी फोडून दोनशे मीटरच्या पुढे जाऊन पडला. एसटीतलाच प्रकार, फक्त वेग ताशी २४० किलोमीटर.

हे पाहूनही त्याच वर्षी स्टॅप स्वतः त्या गाडीत बसले! पुढच्या काही वर्षांत त्यांच्या बरगड्या मोडल्या, मनगटं मोडली, तरी फेऱ्या थांबल्या नाहीत. १० डिसेंबर १९५४ ला न्यू मेक्सिकोत शेवटची फेरी झाली. दृष्टी जाईल या भीतीने त्यांनी आधीच अंधारात कपडे घालायचा सराव करून ठेवला होता. वेग ताशी १०१७ किलोमीटर, आणि गाडी थांबली अवघ्या १.४ सेकंदांत. शरीरावर ४६ जी. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं. पण ते जगले, कारण मजबूत पट्ट्यांनी त्यांना आसनाशी घट्ट बांधून ठेवलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. आकडे चाळताना स्टॅप यांच्या लक्षात आलं, की हवाई दलाची माणसं विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातात जास्त मरतायत. मग ते मोटारींच्या मागे लागले. हिशोब सोपा होता. ताशी ६० च्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण १४ मीटरवरून, चौथ्या मजल्याच्या आसपासच्या उंचीवरून पडणं. आईच्या मांडीवरचं लेकरू त्या क्षणी हातांनी धरून ठेवणं कुणालाच शक्य नाही. पट्टा मात्र धरतो आणि किंचित ताणला जाऊन झटकाही कमी करतो. (भारतात आता चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवलं, तर हजार रुपये दंड आहे.)

१९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होते. १९६८ पासून तिथल्या नव्या मोटारींत सीट बेल्ट सक्तीचे झाले.

इतक्या वेळा मरणाशी खेळलेला हा माणूस १९९९ मध्ये, ८९ व्या वर्षी, आपल्या घरी शांतपणे गेला.