मासा सोडून देणारा माणूस

कोकणात पहिला मोठा पाऊस झाला की चढणीचे मासे निघतात. ओढ्याच्या धारेविरुद्ध उड्या घेत ते वर भातखाचरांकडे जातात, ते अंडी घालायला. आणि नेमके तेव्हाच आपण टोपली घेऊन त्यांच्या वाटेत उभे असतो! त्या कालवणाची चव मला पुरेपूर ठाऊक आहे. पण गाबोळीने भरलेला एक मासा ताटात आला म्हणजे पुढच्या वर्षीचे किती मासे गेले, हा हिशेब चुलीपाशी सहसा कुणी मांडत नाही.

दूर अमेरिकेत तो एका माणसाने मांडला, आणि गंमत अशी की तो स्वतः मासे धरण्यासाठी वेडा होता. त्याचे नाव ली वुल्फ.

वुल्फचा जन्म 10 फेब्रुवारी 1905 रोजी अलास्कातल्या व्हाल्डीझ गावचा. स्टॅनफर्डला तो इंजिनीअर झाला, मग ते सगळे सोडून चित्रकला शिकायला पॅरिसला गेला. परत आल्यावर न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींची चित्रे काढून पोट भरू लागला. सुट्टी मिळाली की मात्र नदीवर. 1930च्या सुमारास त्याने प्राण्यांचे केस गळाला बांधून पाण्यावर छान तरंगणाऱ्या खोट्या माश्या बनवल्या. त्या आजही त्याच्याच नावाने विकल्या जातात. गळवाल्यांचे ते खिसेच खिसे असलेले बिनबाह्यांचे जाकीट, तेही त्याच्याच डोक्यातून निघालेले.

त्याचे खरे प्रेम अटलांटिक सॅल्मनवर. (मुंबईच्या हॉटेलांत रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण दोघांचे काही नाते नाही.) हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन पोसतो आणि जन्माच्याच नदीत अंडी घालायला परततो. नदीत शिरल्यावर तो खाणे सोडतो, तरी केसापिसांच्या माशीवर झडप घालतो. का, यावर गळवाले अजून भांडतात. अंडी घातल्यावर सगळेच मरत नाहीत. काही परत समुद्र गाठतात आणि पुन्हा येतात.

त्या काळी नदीवर मर्यादा असे ती नेण्याच्या माशांची. दिवसाला इतके, मोसमात इतके. तेवढे नेणे हा हक्क, आणि पुरती टोपली हीच हुशारीची खूण. 1939 साली गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर लिहिलेल्या पुस्तकात वुल्फने वेगळाच विचार मांडला. झुंज देणारा मासा इतका मोलाचा आहे, की त्याला एकदाच धरून संपवणे परवडणारे नाही. आज सोडलेला मासा ही उद्याच्या अनोळखी गळवाल्याला दिलेली भेट आहे, असा त्याचा आशय. लोकांना तो चक्रमपणा वाटला असल्यास नवल नाही. खायचा नाही तर धरायचा कशाला, हा प्रश्न आपल्याकडेही पहिल्याच घासाला येईल.

पण वुल्फ नुसते लिहून थांबणारा नव्हता. न्यूफाउंडलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, पोर्टलंड क्रीक भागात त्याने हौशी लोकांसाठी तळ चालवले. चाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकला आणि पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानातून दुर्गम नद्या पालथ्या घातल्या. सॅल्मनसाठी लांबलचक दोन हाती काठी हवी, ही ब्रिटिश परंपरा. हा सहा फुटी हलकी काठी घेऊन उभा राही. पुढे दूरचित्रवाणीवर त्याचे कार्यक्रम आले. मासा दमवायचा, जवळ आणायचा आणि सोडायचा, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. माझ्या मते पुस्तकापेक्षा काम केले ते या चित्रांनी.

तोवर समुद्रातून परतणारे मासे रोडावत चालले होते. नदीत किती मासे परतले हे कॅनडात ठिकठिकाणी आडवे कठडे घालून मोजतात. पिल्ले वाढण्याजोग्या पात्राच्या दर चौरस मीटरला साधारण 2.4 अंडी पडावीत, असे तिथले जुने गणित. मोठ्या माशांत माद्या जास्त, आणि एकेकीच्या पोटात हजारो अंडी. म्हणून 1984 पासून कॅनडाच्या पूर्वेकडच्या सागरी प्रांतांत 63 सेंटिमीटर व त्याहून मोठा सॅल्मन गळाला लागला तर सोडलाच पाहिजे, असा नियम झाला. वुल्फच्या हयातीत त्याच्या विचाराला कायद्याचे बळ मिळाले ते असे. पुढे 2015 मध्ये तिथे लहान मोठा कुठलाच सॅल्मन घरी नेता येईना. स्कॉटलंडनेही 2016 पासून नद्यांची प्रतवारी करून कमकुवत नद्यांवर तसेच बंधन घातले.

सोडणे म्हणजे फेकणे नव्हे, हे मात्र सांगायला हवे. गळाला उलटा काटा नको, मासा पाण्याबाहेर काढू नये, फोटोच्या हौसेपायी तर मुळीच नाही. पाणी 20 अंशांच्या वर तापले की दमलेला मासा सोडूनही मरू शकतो. म्हणून उन्हाळ्यात अशा वेळी काही जागी गळ टाकणेच बंद ठेवतात.

आणि एक आक्षेप असा, की जो अंगावर येतो. कॅनडातल्या अनेक आदिवासींना पोटासाठी मासा धरणे समजते. खेळ म्हणून अन्नाला दमवणे त्यांना अपमान वाटतो. मला त्यात तथ्य दिसते. मासे फारच कमी परतले असतील तर आपणही काठी घरीच ठेवावी, हे गळवाल्याला सुचत नाही. सोडतो म्हणजे काही बिघडत नाही, अशी सोयीची समजूत करून घेता येते. पण दुसरी बाजूही आहे. हौशी माणूस नदीवरून उठला की धरण, करवती गिरण्यांची घाण, चोरटी जाळी यांविरुद्ध ओरडणारा एक आवाज कमी होतो. वुल्फ स्वतः सॅल्मनसाठी असा आवाज उठवत राहिला. म्हणून माझे माप थोडे त्याच्याच बाजूला झुकते.

1967 मध्ये त्याने जोन साल्व्हाटोशी लग्न केले. गळ फेकण्याच्या स्पर्धांतली ती नामांकित विजेती. 1951 साली लांब फेकीच्या स्पर्धेत तिने सगळ्या पुरुषांना मागे टाकले होते. 1979 मध्ये दोघांनी न्यूयॉर्क राज्यात बीव्हरकिल नदीकाठी गळ शिकवणारी शाळा काढली. 28 एप्रिल 1991 रोजी हॅनकॉक गावाजवळ छोटे विमान कोसळून वुल्फ गेला. वय होते 86. शाळा जोनने पुढे चालू ठेवली.